कळलावी : रानातून परसापर्यंत

पावसाळ्याच्या मध्यावर रानाच्या कडेला, करवंदीच्या जाळीवर किंवा शेताच्या कुंपणावर चढलेली एक वेल एकाएकी पेटल्यासारखी दिसू लागते. फुलाच्या सहा अरुंद पाकळ्या कडांना नागमोडी असतात आणि खाली न झुकता उलट्या वळून आकाशाकडे उभ्या राहतात. उमलताना त्या हिरवट पिवळ्या असतात, मग केशरी होतात आणि गळण्यापूर्वी गडद लाल. एकाच वेलीवर एकाच वेळी हे सारे रंग दिसतात. महाराष्ट्रात या वेलीला कळलावी म्हणतात आणि तिच्याविषयी एक समजूत फार जुनी आहे: ही वेल दारात लावली की घरात भांडणे लागतात.

मराठीत ‘कळ’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक वेदना, आणि दुसरा, ‘कळ लावणे’ या प्रयोगातला, कलह. वेलीचे नाव बहुधा पहिल्या अर्थाने पडले. तिच्या कंदाचा लेप प्रसूतीच्या कळा सुरू व्हाव्यात म्हणून बाहेरून लावण्याची प्रथा देशाच्या अनेक भागांत होती. संस्कृतातले ‘गर्भपातिनी’ हे नावही त्याच उपयोगाकडे बोट दाखवते. लोकांनी मात्र दुसरा अर्थ उचलला आणि भांडण लावणारी वेल अशी तिची ओळख करून दिली. विज्ञानाच्या दृष्टीने ही समजूत निराधार आहे. तरीही तिचा एक परिणाम खरा होता. जी वेल मुळापासून बीपर्यंत विषारी आहे, ती या समजुतीमुळे लहान मुले खेळतात त्या अंगणापासून दूर राहिली.

आज ही वेल पुन्हा घराकडे येत आहे. देशी झाडे लावण्याची आवड शहरांत वाढली आहे आणि रोपवाटिकांत तिचे कंद ‘ग्लोरी लिली’ किंवा ‘फ्लेम लिली’ या नावांनी विकले जातात. तिचे सौंदर्य या नावांत आहे, तिचा इशारा नाही. रान ते राजवैद्य, युरोपातील काचघर, रसायनशाळा, तमिळनाडूतील शेत आणि आता बाल्कनीतली कुंडी, असा या वेलीचा प्रवास पाहिला तर एक गोष्ट वारंवार घडलेली दिसते. वेल एका जागेवरून दुसऱ्या जागी गेली, पण तिच्याविषयीचे ज्ञान दर वेळी तिच्याबरोबर गेलेच असे नाही.

नावांत जपलेले निरीक्षण

कळलावीचे शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. जुन्या वर्गीकरणात ती लिलीच्या कुलात होती. आज तिला कोल्चिकेसी या वेगळ्या कुलात ठेवतात, गण मात्र लिलीचाच. उष्ण कटिबंधातील आफ्रिका, भारतीय उपखंड आणि आग्नेय आशिया हा तिचा मूळ प्रदेश आहे. भारतात ती पानझडी जंगलांच्या कडेला, झुडपी रानात आणि कुंपणांवर आढळते.

भारतीय भाषांनी तिला दिलेली नावे एकत्र ठेवली तर त्यांतून वनस्पतीचे जवळपास पूर्ण वर्णन हाती येते. ‘लांगली’ म्हणजे नांगरासारखी. जमिनीखालचा तिचा कंद दोन फाट्यांचा, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा असतो. तमिळमध्येही तिच्या कंदाला ‘कलप्पैक्किळंगु’, म्हणजे नांगर-कंद, म्हणतात. ‘अग्निशिखा’ हे नाव फुलाच्या ज्वालेसारख्या रूपावरून आले. बंगालीतील ‘उलटचंडाळ’ या नावात पाकळ्यांचे उलटे वळण टिपलेले आहे. मराठीतील ‘वाघनखी’ हे नावही त्याच वळलेल्या, टोकदार पाकळ्यांवरून पडले. ‘विशल्या’ या नावात शरीरात रुतलेले शल्य काढण्याचा वैद्यकीय उपयोग सूचित होतो, आणि मराठीतील ‘खड्यानाग’ हे नाव थेट सापाची आठवण करून देते.

या वेलीचा फार जुना आणि प्रेमळ उल्लेख तमिळ भूमीत सापडतो. संघम साहित्यात तिचे नाव ‘कांदळ’. त्या परंपरेत भूप्रदेशांची विभागणी तिथल्या फुलांवरून केली जाई. डोंगराळ प्रदेश म्हणजे ‘कुरिंजी’, आणि कांदळ हे त्या प्रदेशाचे एक ठळक फूल. कपिलर या कवीच्या ‘कुरिंजिप्पाट्टु’ या काव्यात ९९ फुलांची एक प्रसिद्ध यादी आहे. तिची सुरुवातच लाल कांदळाने होते. तमिळ कवींनी त्याच्या पाकळ्यांना स्त्रीच्या बोटांची उपमा दिली आणि डोंगरांचा देव मुरुगन याच्या मस्तकावर त्याची माळ घातली. आज हेच ‘सेंगांदळ’ तमिळनाडूचे राज्यपुष्प आहे.

आयुर्वेदाने तिला वेगळ्या नजरेने पाहिले. रसशास्त्राच्या ग्रंथांत लांगली उपविषांत मोडते. म्हणजे औषध म्हणून वापरण्यापूर्वी तिचे शोधन करणे बंधनकारक. भारताच्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील विषारी आयुर्वेदिक द्रव्यांच्या अनुसूचीतही लांगलीचा समावेश आहे. कवीचे फूल आणि वैद्याचे विष अशा दोन ओळखी एकाच वेलीला होत्या आणि लोकांना दोन्ही माहीत होत्या. सणाला फूल घरात येई. गोव्यात गणेशचतुर्थीच्या माटोळीत रानफळांबरोबर ही फुलेही बांधली जातात. कंद मात्र रानातच राही.

मेंदोणी ते ग्लोरिओसा

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मलबारच्या किनाऱ्यावर डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे याने एक प्रचंड काम हाती घेतले. त्या प्रदेशातील वनस्पतींचे सचित्र वर्णन करणारा ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. त्यामागे इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचे ज्ञान होते. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट हे तीन कोकणी ब्राह्मणही या कामात होते. त्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे.

सातव्या खंडात कळलावी ‘मेंदोणी’ या नावाने येते. मल्याळममध्ये तिला ‘मेंतोन्नी’ म्हणतात, त्या नावाचेच हे रूप. साधारण त्याच सुमारास लायडनच्या विद्यापीठ उद्यानाचे प्रमुख पॉल हर्मन यांनी आपल्या सूचीत तिची नोंद ‘मेथोनिका मलबारोरम’, म्हणजे मलबारच्या लोकांची मेथोनिका, अशी केली. नाव लॅटिन वळणाचे झाले होते, तरी त्यात ती कोणाकडून आली याची खूण शिल्लक होती.

१७५३ साली कार्ल लिनियसचा ‘स्पेसिज प्लांटारम’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आधुनिक वनस्पतिनामकरणाचा आरंभ त्यापासून मानला जातो. ग्रीक-लॅटिनबाहेरच्या भाषांतून आलेली वंशनामे लिनियसला पसंत नव्हती. त्याने या वेलीसाठी ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ हे नाव रूढ केले. लॅटिनमध्ये पहिल्या शब्दाचा अर्थ वैभवशाली आणि दुसऱ्याचा दिमाखदार. नाव सुंदर आहे आणि नियमानुसार तेच आज जगभर चालते. पण मलबारच्या लोकांची आठवण त्यात उरली नाही, तसेच नांगराच्या आकाराचा कंद, प्रसूतीच्या कळा आणि विष यांपैकीही काही उरले नाही.

युरोपात ती उबदार काचघरांची शोभा झाली. तिथल्या माळ्यांना लवकरच कळून चुकले की ही वेल लाडावून वाढत नाही. हिवाळ्यात तिला पाणी घातले की कंद कुजतो. तिला काही महिने पूर्ण कोरडी विश्रांती हवी असते. मोसमी पावसाच्या देशातली ही सवय काचघरातही सुटली नाही. पुढे आफ्रिकेत तिला राजमान्यता मिळाली. १९४७ साली इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांच्या एकविसाव्या वाढदिवशी दक्षिण ऱ्होडेशियातील शाळकरी मुलांच्या वतीने त्यांना याच फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच भेट देण्यात आला. तोच देश आज झिम्बाब्वे या नावाने ओळखला जातो आणि हेच त्याचे राष्ट्रीय पुष्प आहे.

कंदातले रसायन

विषाचा शास्त्रीय शोध भारतात सुरू झाला. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे सी. जे. एच. वॉर्डेन यांनी १८८० साली कळलावीच्या कंदाचे विश्लेषण प्रसिद्ध केले आणि त्यातून मिळालेल्या कडू द्रव्याला ‘सुपरबाइन’ असे नाव दिले. पुढे वॉर्डेन, मुंबईचे विल्यम डायमॉक आणि डेव्हिड हूपर या तिघांनी मिळून ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा भारतीय औषधी वनस्पतींवरील ग्रंथ सिद्ध केला. १८९० ते १८९३ दरम्यान प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात रसायनशाळेतील निष्कर्षांबरोबर वैद्यांची आणि बाजारातील माहितीही नोंदलेली आहे.

खरा उलगडा १९१५ साली लंडनमध्ये झाला. क्लूअर, ग्रीन आणि ट्यूटिन या तीन रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की कळलावीच्या कंदात कोल्चिसीन आहे. सुपरबाइन हे नाव मागे पडले. कोल्चिसीन मात्र युरोपला अपरिचित नव्हते. काळ्या समुद्राकाठच्या कोल्चिस प्रदेशावरून नाव मिळालेली कोल्चिकम ही तिथली वनस्पती गाउट या सांधेदुखीवर शतकानुशतके दिली जात होती. १८२० साली पेल्तिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातील क्रियाशील द्रव्य वेगळे केले आणि १८३३ साली गायगर या जर्मन शास्त्रज्ञाने त्याला कोल्चिसीन हे नाव दिले. कोल्चिकम शरद ऋतूत जमिनीलगत फुलते, कळलावी पावसाळ्यात वर चढत जाते. दिसायला दोघींत काहीच साम्य नाही. रसायनाने त्यांचे नाते उघड केले आणि आजचे वर्गीकरण दोघींना एकाच कुलात ठेवते.

कोल्चिसीनचे काम कसे चालते हे कळायला आणखी अर्धे शतक लागले. प्रत्येक पेशीत ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे रेणू एकमेकांना जोडून अतिसूक्ष्म नलिका बनवतात. पेशीचे विभाजन होताना याच नलिका गुणसूत्रे ओढून दोन बाजूंना नेतात. कोल्चिसीन ट्युब्युलिनला चिकटते आणि नलिका बनणेच थांबवते. गुणसूत्रे दुप्पट होतात, पण पेशी दुभंगत नाही. १९३७ साली ब्लेकस्ली आणि एव्हरी यांनी या गुणाचा उपयोग करून वनस्पतींमध्ये गुणसूत्रांची संख्या मुद्दाम दुप्पट करून दाखवली. पीकसुधारणेला त्यातून एक नवे साधन मिळाले. बिनबियांचे कलिंगड हे त्याचेच फळ. १९६७ साली बोरिसी आणि टेलर यांनी कोल्चिसीन कोणत्या प्रथिनाला चिकटते याचा माग घेतला आणि त्या शोधातून ट्युब्युलिनची ओळख पटली. पेशीचा सांगाडा समजून घेण्याच्या आधुनिक जीवशास्त्राच्या वाटेवर हे विष असे वाटाड्या ठरले.

विषबाधेची लक्षणेही याच यंत्रणेतून समजतात. शरीरात ज्या पेशी सतत विभागत असतात, त्यांना पहिला फटका बसतो. आतड्याचे अस्तर बिघडते, म्हणून काही तासांतच उलट्या आणि जुलाब सुरू होतात. अस्थिमज्जा मंदावते, रक्तपेशी घटतात, आणि पुढे अनेक अवयव निकामी होऊ शकतात. जगलेल्या रुग्णांचे केस गळतात. १९६६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तेव्हाच्या सिलोनमधून अशाच एका रुग्णाची नोंद आली होती, ज्यात कळलावीच्या विषबाधेनंतर सर्वांगावरचे केस गळले होते. श्रीलंका आणि दक्षिण भारतात कंद रताळे किंवा रानकंद समजून उकडून खाल्ल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात पुन्हा पुन्हा आढळतात. उकळण्याने हे विष नष्ट होत नाही. त्यावर सहज उपलब्ध असा उताराही नाही. रुग्णालयात लवकर पोहोचणे आणि लक्षणांवर उपचार एवढाच मार्ग राहतो.

रानातून शेताकडे

औषध म्हणून कोल्चिसीनची मागणी वाढली तशी रानातल्या कळलावीकडे व्यापाराचे लक्ष गेले. कंद उपटून नेणे सोपे, पण त्यात वेलीचा शेवट असतो. कळलावीच्या कंदाच्या प्रत्येक फाट्याच्या टोकाशी एकच कोंब असतो. बटाट्यासारखे त्यावर अनेक डोळे नसतात. टोक मोडले की तो फाटा पुन्हा फुटत नाही. दर वर्षी जुना कंद आक्रसतो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो. म्हणून पावसाळ्यात खणलेली वेल म्हणजे पुढच्या वर्षीची वेलही गेली. बियांपासून रोप येते, पण बी रुजायलाच बराच काळ घेते आणि पहिले फूल दिसायला साधारण तीन वर्षे लागतात. उपटण्याचा वेग आणि भरून निघण्याचा वेग यांचे गणित त्यामुळे जुळत नाही. देशात अनेक ठिकाणी ही वेल पूर्वीइतकी सहज दिसेनाशी झाली, त्यात जंगलाच्या ऱ्हासाबरोबर या खणण्याचाही वाटा आहे.

याला एक उत्तर तमिळनाडूच्या शेतकऱ्यांनी दिले. तिरुप्पूर जिल्ह्यातील मूलनूर आणि धारापुरम, दिंडिगुल जिल्ह्यातील ओट्टनछत्रम, तसेच करूर आणि वेदारण्यम या भागांत कळलावीचे पीक घेतले जाते. तारा आणि काठ्यांच्या आधारावर चढवलेल्या वेलींच्या रांगा तिथे दिसतात. शेतकऱ्याचे मुख्य उत्पन्न कंदाचे नसून बियांचे असते. बियांतही कोल्चिसीन भरपूर असते आणि त्या काढल्याने वेल मरत नाही. बियांची मोठी मागणी परदेशी औषध-उद्योगाकडून येते, त्यामुळे भावाची चढउतार शेतकऱ्याला सोसावी लागते.

शेतात या वेलीचा एक जुना हट्ट समोर आला. कळलावीच्या फुलात कुक्षिवृंत, म्हणजे बीजांडकोशातून निघणारी बारीक दांडी, तळाशीच काटकोनात वळून बाजूला जाते. सहा पुंकेसर दुसरीकडे पसरलेले असतात. त्यामुळे फुलाचा स्वतःचा पराग स्वतःच्या कुक्षीवर पडणे कठीण होते आणि परपरागणाला वाव मिळतो. रानात हे काम कीटक आणि पक्षी करतात. शेतात हजारो फुले एकदम उमलतात आणि पाहुणे पुरत नाहीत. म्हणून सकाळच्या वेळी शेतकरी आणि मजूर फुलाफुलाशी जाऊन हाताने पराग लावतात. तमिळ कवींनी ज्या पाकळ्यांना बोटांची उपमा दिली, त्यांच्यापाशी आज माणसांची बोटे दर सकाळी हे बारीक काम करतात.

दोन नव्या बातम्या

अलीकडच्या दोन घटनांनी या इतिहासाला नवे वळण दिले आहे. २०२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नेट, लाउ आणि सॅटली यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. वनस्पती कोल्चिसीन कशी बनवते, हे कोडे त्यांनी जवळपास पूर्ण सोडवले आणि त्यासाठी त्यांनी निवडलेली मुख्य वनस्पती कळलावीच होती. तिच्या कोणत्या ऊतींत कोणती जनुके जागी आहेत हे तपासून त्यांनी रसायनाच्या एकेक पायरीमागचे विकर ओळखले. त्यातील एक विकर सहा कार्बनांचे कडे रुंदावून सात कार्बनांचे करते. कोल्चिसीनची विशेष घडण याच कड्यामुळे बनते. ही जनुके तंबाखूच्या एका जातभाईत घालून त्यांनी साध्या अमिनो आम्लांपासून कोल्चिसीनच्या अगदी आधीच्या टप्प्यातील एक संयुगही तयार करून दाखवले.

२०२३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अर्ध्या मिलिग्रॅमच्या कोल्चिसीनच्या गोळीला हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी मान्यता दिली. गाउटच्या औषधाला त्यामुळे फार मोठे नवे क्षेत्र खुले झाले.

दोन्ही घटना एकत्र पाहिल्या की त्यांतला ताण लक्षात येतो. औषधाची गरज वाढू शकते, आणि त्याच वेळी ते औषध वेलीवाचून बनवण्याची वाटही उघडते आहे. प्रयोगशाळेतील उत्पादन स्वस्त झाले तर रानातल्या कंदांवरचा ताण हलका होईल, पण वेलीच्या बियांवर जगणाऱ्या शेतकऱ्याचे पीकही धोक्यात येईल. आज त्याचे उत्तर कोणाकडे नाही. एवढे मात्र खरे की ज्या वेलीच्या जनुकांनी हे कोडे सुटले, ती वेल रानात टिकून राहिली म्हणूनच हा अभ्यास शक्य झाला. तिच्या रानोमाळ विखुरलेल्या कुळांत कोल्चिसीनचे प्रमाण सारखे नसते. या विविधतेत पुढच्या संशोधनाचे साहित्य दडलेले आहे आणि एकसारख्या कंदांच्या शेतात ते सापडणार नाही.

परसात लावताना

मग घरच्या बागेचे स्थान काय? बाग रानाची जागा घेऊ शकत नाही, पण वेलीशी ओळख टिकवू शकते. त्यासाठी पहिली अट अशी की कंद किंवा बी लागवडीतून आलेले असावे. रानातून उपटून आणलेला कंद बागेत रुजला, तरी रानातली एक वेल कमीच झालेली असते. पिकलेल्या शेंगेतील लालभडक बिया पेरणे हा त्याहून चांगला मार्ग. त्याला धीर लागतो, पण त्यातून नवी वेल जन्माला येते.

लागवड करायची ती पावसाच्या तोंडावर. कंद आडवा ठेवून त्यावर चार बोटे सैल, पाण्याचा निचरा होणारी माती टाकतात. हाताळताना टोकाचा कोंब मोडू द्यायचा नाही आणि हातमोजे घालायचे. वेलीला चढायला आधार हवा, पण तो बारीक असावा. पानाच्या टोकालाच ताणा फुटलेला असतो आणि तो काडी, तार किंवा शेजारच्या झुडपाची फांदी यांना गुंडाळतो. जाड खांबाला त्याची पकड बसत नाही. रानाच्या कडेची सवय असल्याने मुळाशी थोडी सावली आणि शेंड्याला ऊन अशी जागा तिला मानवते. पावसाळा संपला की पाने पिवळी पडतात आणि वेल वाळून जाते. ती मेली असे समजून पाणी घालत राहिले तर कंद कुजतो. माती कोरडी ठेवली की पुढच्या पावसाला कोंब आपोआप वर येतो.

दुसरी अट मुलांची आणि जनावरांची. जिथे लहान मुले मातीत खेळतात किंवा शेळ्या-गुरे पाला तोडतात, तिथे ही वेल लावू नये. कंद काढून ठेवायचे झाल्यास ते स्वयंपाकघराजवळ, आले-हळदीच्या किंवा रताळ्यांच्या शेजारी कधीही ठेवू नयेत. घरगुती औषध म्हणून तिचा वापर करू नये. शोधन आणि मात्रा यांचे ज्ञान ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठीसुद्धा कायद्याने तिला विषांच्या यादीत ठेवले आहे.

तिसरी गोष्ट देश आणि परदेश यांच्या फरकाची. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर बागांतून निसटलेली कळलावी वाळूच्या टेकड्यांवर पसरली आणि तिथे ती आज उपद्रवी तण मानली जाते. जी वेल भारतात जपायला हवी, तीच तिथे उपटायला हवी. देशी वनस्पती लावण्याचा अर्थ यातून स्पष्ट होतो. वनस्पतीचे मोल तिच्या सौंदर्याइतकेच ती कोणत्या भूमीत आणि कोणत्या सोबत्यांबरोबर उभी आहे, यावर ठरते.

नावाची पाटी

कळलावीच्या बागेत सर्वांत जास्त काळजी घेण्याचा काळ फुलांचा नसतो. फूल असताना तिला कोणीही ओळखतो. खरा धोका मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंत असतो, जेव्हा मातीवर काहीच दिसत नाही आणि मातीखाली रताळ्यासारखा दिसणारा कंद पडून असतो. घर बदलते, माळी बदलतो, कुंडी दुसऱ्याच्या हाती जाते. कोणीतरी माती उकरतो आणि कंद हाती लागतो.

जुन्या समजुतीने हा धोका एका शब्दात बांधून ठेवला होता. भांडण लागेल, असे सांगून तिने वेलीला घरापासून दूर ठेवले. त्या समजुतीचे कारण चुकीचे होते, सावधगिरी चुकीची नव्हती. आज भीती गेली आहे आणि ती गेली हे चांगलेच झाले. तिच्या जागी ट्युब्युलिनचे, कंदाच्या कोंबाचे आणि रानातल्या खणण्याचे ज्ञान आले, तर ही वेल दारात लावायला हरकत नाही. त्यासाठी कुंडीत एक पाटी खोचून ठेवावी, जी वेल वाळल्यावरही मातीवर उभी राहील. तिच्यावर ‘ग्लोरी लिली’ लिहिले तर वाचणाऱ्याला फूल कळेल. ‘कळलावी, कंद विषारी’ असे लिहिले, तर वाचणारा माती उकरण्याआधी थांबेल.